रत्नदीपचा नळ आणि माझे पंधरा दिवस

मी छत्तीस वर्षं कोलशेतच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग केलं. म्हणजे कुठला माल कधी तयार होणार हे आधी सांगायचं, आणि नाही झाला तर ज्याने उशीर केला त्याच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं. माझ्या तारखा चुकत नसत. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात हेच सांगितलं, तेव्हा माझी बायको शुभदा शेजारच्या बाईंच्या कानात म्हणाली की घरात मात्र ह्यांना फ्यूज बदलायला आठ महिने लागतात. कानात म्हणाली, पण मला ऐकू येईल अशा बेताने. हे मुद्दाम आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिगत रत्नदीपची असली तरी तिच्यातली बरीचशी माती मी खाल्लेली आहे.

रत्नदीप आमच्याकडे आला तो आठ वर्षांपूर्वी, अक्कलदाढ काढायला. शुभदा दातांची डॉक्टर. नौपाड्यात आमच्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना होता आणि त्याच महिन्यात ती तो बंद करणार होती. रत्नदीप तिचा शेवटचा पेशंट. दिवा स्टेशनजवळ राहणारा, पंचविशीचा, काटकुळा, दाढ ठणकत असतानाही हसणारा मुलगा. तोंडात कापसाचा बोळा घेऊन त्याने तिला सांगितलं की तो एका कंपनीसाठी रंगीत फळं जुळवायचे मोबाइल गेम करतो, आता नोकरी सोडून स्वतःचा एक गेम करायचाय, पण घरी दीड खोलीत पाच माणसं आणि एक मिक्सर आहे. बोळ्यातून आलेलं बोलणं शुभदाला बरोबर कळतं, तीस वर्षं तिने तेच ऐकलंय. तिने दाढ काढली आणि खोली त्याला देऊन टाकली. मला संध्याकाळी कळलं.

खोलीबरोबर खुर्चीही गेली. दातांच्या दवाखान्यात असते ती, मागे रेलणारी, पायाने बटण दाबलं की वरखाली होणारी अवजड खुर्ची. दाराला नंतर ग्रिल बसवल्यामुळे ती बाहेर निघेना. रत्नदीप तिच्यातच बसून काम करू लागला. कीबोर्ड मांडीवर, तोंडावर येणारा मोठा दिवा भिंतीकडे वळवलेला, चूळ भरायच्या बेसिनच्या कडेला चहाचा कप. डोकं अडलं की तो बटण दाबून खुर्ची वर नेई. फारच अडलं की पार वर. मी खिडकीतून खुर्चीची उंची बघून त्या दिवशी काम किती झालं ते ओळखायचो.

गेमचं नाव ‘पाणी आलं’. दिव्यातली एक चाळ, खाली एकच नळ, आणि पाणी कधी येणार ह्याचा काही पत्ता नाही. आलं की तुम्ही धावायचं, रांगेत लागायचं, हंडे भरायचे आणि न सांडता तीन जिने चढायचे. मध्ये गॅसवरचं दूध, पोराची शाळा, शेजारणीचं भांडण. पाणी जायच्या आत घरातलं पिंप भरलं की तुम्ही जिंकलात. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या आहेत, त्यामुळे ह्यात खेळण्यासारखं काय आहे ते मला कळेना. पण प्लॅनिंग मला कळत होतं. मी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी चिकटवून तक्ता केला. नळ, पंधरा दिवस. हंडे, पंधरा दिवस. जिना, पंधरा दिवस. रांगेतल्या बायका एक महिना, कारण त्या बोलतात.

रत्नदीप म्हणाला, “काका, असं नसतं हो ते.”

मी म्हणालो, “छत्तीस वर्षं.”

एका ठिकाणी त्याने हंड्यांचं आणि रांगेचं काहीतरी किचकट काम लिहून तीन महिने मागितले होते. त्यावर मी पेन्सिलीने काट मारली आणि शेजारी लिहिलं, ‘रांग म्हणजे माणसामागे माणूस. अनावश्यक.’ ही काट लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

त्याच हिवाळ्यात रत्नदीपचा साखरपुडा झाला, कल्याणला. मुलगी माया, डोंबिवलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. चुणचुणीत, कमी बोलणारी. तिचे वडील बाबुराव निवृत्त मुख्याध्यापक, आणि अजूनही समोरचा माणूस उशिरा आला असेल अशा नजरेने बघणारे. पेढे वाटून झाल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, “जावईबापू नोकरी सोडून खेळ करताहेत ते ठीक. पण तो खेळ संपणार कधी?”

रत्नदीप म्हणाला, “होईल ना पप्पा.” एवढ्यावर हे निभावलं असतं. पण मी उठलो. मला कोणी उठायला सांगितलं नव्हतं. पिशवीतून मी तक्ता काढला, दोन पाहुण्यांना त्याची टोकं धरायला लावली आणि सांगितलं की पुढच्या वर्षी चौदा एप्रिलला गेम बाजारात, हा माझा शब्द. चौदा एप्रिल रत्नदीपनेच निवडलेली. जयंतीच्या दिवशी सगळं दिवा रस्त्यावर आणि खुशीत असतं, त्या दिवशी गेम सगळ्यांच्या मोबाइलवर यावा असं त्याचं फार मनात होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबुराव म्हणाले, “मग ठरलं. गेम आला की लग्न.” मायाने माझ्याकडे एकदा पाहिलं. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

तारीख उत्तम होती. फक्त साल ठरत नव्हतं.

पहिले आठ महिने नुसत्या पाण्याने खाल्ले. कमळाबाई म्हणून रत्नदीपची दिव्यातली शेजारीण आहे, साठी ओलांडलेली. ती नळाकडे पाठ करून कोणाशी तरी भांडत असते आणि हंडा भरत आला की मागे न बघता हात नेऊन नळ बंद करते, कारण भरताना आवाज चढत जातो. रत्नदीपला गेममध्ये तोच आवाज हवा होता. स्टीलच्या हंड्याचा वेगळा, पितळी घागरीचा वेगळा, प्लॅस्टिकच्या बादलीचा वेगळा, अर्ध्या भरलेल्या तेलाच्या डब्याचा आणखी वेगळा. आमच्या न्हाणीघरात आठवडाभर भरणं आणि ओतणं चाललं. ओतलेल्या पाण्याने शुभदाने सोसायटीची सगळी झाडं जगवली आणि सोसायटीने तिचा सत्कार केला. माझ्या तक्त्यावर हंडे पंधरा दिवसच होते.

मग चुका निघू लागल्या. जिना दुरुस्त केला तर रांगेतल्या सगळ्या बायकांची तोंडं पाठीकडे फिरली. तोंडं सरळ केली तर दूध उतू जाईना. दूध उतू गेलं तर ते थांबेना, अख्खी चाळ दुधाने भरली आणि कमळाबाईसारखी दिसणारी एक बाई त्यातून शांतपणे पोहत नळाशी गेली. आम्ही तिघं हसून हसून बेजार झालो, आणि मग दुरुस्तीला तीन आठवडे लागले. कारखान्यात तळमजल्यावरचा नट आवळला म्हणून दुसऱ्या मजल्यावरचा पंखा कधी बंद पडला नव्हता. इथे रोज पडायचा.

तिसऱ्या वर्षी सगळं तयार झालं. मी तक्त्यावर बरोबरच्या खुणा करून शर्ट बदलून आलो, तर रत्नदीप खुर्ची पार वर नेऊन बसलेला. वरून म्हणाला, “काका, सगळं चालतंय. पण मजा नाय येत.” आणि त्याने निम्मा गेम काढून टाकला. तयार माल भंगारात. माझा आवाज चढला. मी म्हणालो की मजेची चाचणी आधी करायची, माल मागून. तो म्हणाला, “कशावर करू? माल झाल्याशिवाय मजा आहे की नाय कळतच नाय ना.” मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पटलं. आम्ही कारखान्यात जो पंप करायचो तो पंप असतो हे आम्हांला आधीच माहीत असे. हा पोरगा जे करत होता ते काय आहे हे ते झाल्यावरच कळणार होतं, आणि कळलं की ते नाही तर पुन्हा पहिल्यापासून. पटलं म्हणून राग मात्र गेला नाही.

पुढे तर लोकांचे मोबाइलच बदलले. ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा होता त्याची नवी आवृत्ती आली आणि पाच महिने नुसतं जुनं नव्यात बसवण्यात गेले. पाच महिने काम करून रत्नदीप होता तिथेच येऊन पोचला, आणि त्याचा त्याला आनंद झाला.

दर चौदा एप्रिलला सकाळी नऊला बाबुरावांचा फोन येई. “जय भीम, सुधीरराव. आला का?”

“जय भीम. नाही आला.”

“बरं.” आणि फोन ठेवत. एका वर्षी तर अख्खं जगच घरात बसलं होतं, तेव्हाही त्यांनी विचारलं. शब्द मी दिला होता, म्हणून ते रत्नदीपला नाही, मला विचारत. त्यांच्या त्या ‘बरं’ला मी वर्षभर घाबरून असे.

सातव्या वर्षी जानेवारीत ते ‘बरं’ म्हणाले नाहीत. म्हणाले, “माया बत्तीस वर्षांची झाली. तुमच्या तक्त्यावर मी तिची आणखी वर्षं काढणार नाही. ह्या चौदा एप्रिलला नाही आला तर आम्ही दुसरीकडे बघतो.” मी रत्नदीपला सांगितलं. तो हसला नाही. त्याला न हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण नशीब असं की फेब्रुवारीत गेम खरोखर झाला, आणि आता मजाही होती. मी स्वतः खेळलो. नऊ वेळा दूध उतू घालवलं, दोनदा जिन्यावरून हंड्यासकट गडगडलो आणि इतका हसलो की शुभदा बीपीचं मशीन घेऊन आली. तीही मग खेळली आणि जेवायला उशीर झाला. मी बाबुरावांना फोन करून चढ्या आवाजात सांगितलं की हॉल बघायला लागा. आता फक्त एक शेवटची परीक्षा उरली होती, कमळाबाईची.

रत्नदीप तिला दिव्याहून रिक्षाने घेऊन आला. खुर्ची बघून ती म्हणाली, “माजे दात चांगले हायत.” तिला समजावून बसवली. शुभदाने सवयीने तिच्या गळ्याला रुमाल बांधला, तो तिने खेळ संपेपर्यंत काढला नाही. मोबाइल हातात दिला. पाणी आलं. कमळाबाई झटक्यात रांगेत पोचली, चौथा नंबर. हंडा खाली ठेवला आणि दूध बघायला निघाली. गेमने लगेच सांगितलं, तुमचा नंबर गेला.

“गेला कसा?” कमळाबाई म्हणाली. “हंडा हाय ना रांगेत.”

रत्नदीपने सांगितलं की मावशी, रांग सोडली की नंबर जातो.

“कुटं जातो? हंडा ठिवला की माणूस घरी जाऊन भाकऱ्या थापून येतं. रांग फुडं गेली की मागची बाई तुजा हंडा पायानं फुडं सरकवती. तुजा सरकवत नव्हते मी? तुजी आई कामावर, तू शाळंत. रोज कोन सरकवत हुतं?” तिने मोबाइल बेसिनच्या कडेला ठेवून दिला. “चांगला हाय खेळ. पन ह्ये दिव्याचं न्हाई.”

ती गेल्यावर मी तक्ता उलगडला. सात वर्षांनी पिवळ्या पडलेल्या कागदावर माझी काट होती आणि माझं अक्षर होतं, ‘माणसामागे माणूस. अनावश्यक.’ ज्या माणसाने आयुष्यात पाण्याची रांग लावली नाही त्याने दिव्याच्या पोराला रांग शिकवली होती. मी रत्नदीपला विचारलं, अरे, तू तरी पुढे कधीतरी का नाही घातलंस.

“तुम्ही खोडलं तेव्हा वाटलेलं नंतर घालू,” तो म्हणाला. “मग त्या रांगेवरच पुढचं सगळं बांधत गेलो. आणि मग विसरलोच काका. सात वर्षं दिवसभर नौपाड्यात बसतोय ना मी. इथे नळ सोडला की पाणी येतं.”

किती दिवस लागतील हे मी विचारणार, तेवढ्यात त्यानेच सांगितलं. रांगेतल्या प्रत्येक बाईला कुठला हंडा कोणाचा हे कळलं पाहिजे, तो पुढे सरकवता आला पाहिजे, कोणी लबाडीने मागे ढकलला तर भांडता आलं पाहिजे. रांग उकलायची म्हणजे निम्मी चाळ उकलायची. सहा महिने, कदाचित जास्त. “असाच सोडला तर चौदा एप्रिल गाठतो,” तो म्हणाला, “आणि माया. सहा महिने घेतले तर गेम खरा होतो, आणि माया जाते.” मग बटण दाबून त्याने खुर्ची पार वर नेली. तिथून त्याच्या नाक ओढण्याचा आवाज आला. मी खाली उभा होतो, हातात पेन्सिल घेऊन, आणि मला माझी स्वतःची इतकी चीड आली की मी ती पेन्सिल मोडली.

रविवारी आम्ही कल्याणला गेलो. बाबुरावांच्या हॉलमध्ये मी पुन्हा तक्ता काढला. ह्या खेपेला टोकं धरायला कोणी पुढे आलं नाही, शुभदाने आणि रत्नदीपने धरली. मी काट दाखवली, काय खोडलं ते सांगितलं, कमळाबाई काय म्हणाली ते सांगितलं, आणि म्हणालो, “पोराची चूक नाही. शब्द माझा होता, काटही माझी. गेम चौदा एप्रिलला येऊ शकतो, पण तो खोटा असेल. त्याला सांगा काय करायचं ते.”

बाबुरावांनी तक्त्यावरची काट जवळ येऊन वाचली. मग म्हणाले, “सात वर्षं माझी मुलगी रांगेत उभी आहे, सुधीरराव.”

माया उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. ती स्टीलचा रिकामा हंडा घेऊन बाहेर आली आणि तिने तो हॉलच्या मधोमध, बरोबर रत्नदीपसमोर ठेवला.

“पप्पा, मी कुठे उभी होते?” ती म्हणाली. “मी एमएससी केली. लॅबमध्ये सुपरवायझर झाले. स्कूटर शिकले, तुम्हांला डॉक्टरकडे नेलं, मैत्रिणींबरोबर दोनदा फिरायला गेले. रांगेत माझा हंडा होता.” मग ती रत्नदीपकडे वळली. “आता माझा नंबर आलाय. गेम मागे उभा राहू दे. मला चौदा एप्रिल नको, त्या दिवशी मिरवणुकीत नाचायचंय. त्याच्या पुढचा रविवार.”

रत्नदीप म्हणाला, “पण ठरलेलं की गेम आला की लग्न.”

“ते कोणी ठरवलेलं?” माया म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. साखरपुड्याला पाहिलं होतं अगदी तसंच. ते कौतुक नव्हतं हे मला सात वर्षांनी कळलं, आणि मी हसत सुटलो. शुभदाही हसली, हातातलं तक्त्याचं टोक सुटलं आणि तक्ता सुर्रकन गुंडाळला गेला. बाबुराव हसले नाहीत. ते उठले, हंड्याजवळ आले, आणि चपलेतून पाय काढून हंडा पायाने रत्नदीपच्या दिशेने जरासा पुढे सरकवला.

“बरं,” ते म्हणाले.

लग्न झालं, विहारात. पांढऱ्या साडीतली माया आणि पांढऱ्या शर्टातला रत्नदीप दोघंही घामाघूम, कारण मिरवणुकीतला नाच अजून अंगात होता. वंदना झाली, हार घातले, आणि कमळाबाईने सगळ्यांदेखत नवऱ्यामुलाला विचारलं, “रांग झाली का?” तो म्हणाला, “करतोय मावशी.” मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठलो आणि शुभेच्छा देऊन लगेच खाली बसलो. शुभदाच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम भाषण होतं.

गेम आला नोव्हेंबरात, एका साध्या बुधवारी. जयंती नाही, सण नाही, काही नाही. सकाळी नऊला बाबुरावांचा फोन आला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “जय भीम. आला. मी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलो. दूध उतू गेलं,” आणि फोन ठेवला.

मग मी उघडला. पाणी आलं, मी धावलो, रांगेत हंडा ठेवला आणि वर दूध बघायला गेलो. गॅस बंद केला. धडधडत्या छातीने खाली आलो, तर माझा हंडा सहावरून दुसऱ्या नंबरवर आलेला. कोणी सरकवला म्हणून मागे पाहिलं. मागे एक म्हातारा उभा होता. अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, जाड चष्मा, कानावर पेन्सिल, आणि स्वतःची रिकामी बादली हातात धरून तो पुढच्यांचे हंडे एकेक करून पायाने सरकवत होता. अख्ख्या चाळीत तेवढा एकच पुरुष रांगेत होता.

शुभदाने खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाली, “त्याच्यावर बोट ठेवा, तो बोलेल.”

मी बोट ठेवलं. गेममध्ये कोणाशीही बोलता येतं. मी त्याला विचारलं, पाणी पुन्हा कधी येणार.

म्हातारा चष्मा नाकावर सरकवून म्हणाला, “पंधरा दिवस.”